मडक्याचा घाम : टी.वाय. प्रकल्पाच्या नोंदी

२ मार्च

मॅडमनी आज विषय मंजूर केला. अर्जावर लिहिले आहे : ‘दमट उन्हाळ्यात कष्टाचे काम करणाऱ्या माणसाच्या शरीराचा अंतर्गत समतोल’. वर्गातल्या बाकीच्यांनी खेकडे, शेवाळ, कांदळवन असे विषय घेतलेत. मला माझ्या घरातला माणूस घ्यायचा होता.

गेल्या मे महिन्यात बाबा बागेत पडले. कलमावरून सुखरूप उतरले होते. क्रेटपाशी उभे राहून आंबे निवडत होते, दहाएक मिनिटे झाली असतील. आधी हातातला आंबा सुटला, मागोमाग बाबा. जमिनीवर आडवे झाल्यावर मिनिटभरात डोळे उघडले. “माका काय्येक झाला नाय, डोळ्यांफुडे जरा काळोख इलो.” आम्ही घाबरून त्यांना उचलून खुर्चीत बसवले, तर पुन्हा काळोख आला. त्या दिवशी देवगडात ३४ अंश होते. विदर्भात ४४ होते आणि उन्हाच्या सगळ्या बातम्या तिकडच्याच होत्या. चाळीस वर्षे बागेत राबलेला माणूस ३४ अंशांत कसा पडतो? त्याच महिन्यात मी होमिओस्टॅसिसवर, म्हणजे याच अंतर्गत समतोलावर, पाच मार्कांचे उत्तर पाठ करून लिहून आले होते, आणि घरात घडलेल्या गोष्टीशी त्या उत्तराचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आले नव्हते.

साहित्य जमवले : जिभेखाली धरायचा डिजिटल थर्मामीटर, काचेचे दोन साधे थर्मामीटर, कपाळासमोर धरायची तापमान-बंदूक (करोनाच्या वेळची, वाडीतल्या एकांकडून), आणि आंब्याचे क्रेट तोलायचा काटा. काटा २० ग्रॅमपर्यंत दाखवतो. माणसासाठी एवढे पुष्कळ झाले.

५ मार्च

बंदूक बाद. बाबा घामाघूम होऊन आले, कपाळावर धरली तर ३४.८. शेजारीच जिभेखालचा थर्मामीटर ३७.४ सांगत होता. ओल्या कातडीचे तापमान बाष्पीभवनाने उतरलेले असते आणि बंदूक फक्त कातडी बघते. आतल्या माणसाचा तिला पत्ता नसतो. यापुढे फक्त जिभेखाली, आणि पाणी प्यायल्यावर वीस मिनिटे थांबून.

एक सकाळ वाया गेली, पण यातून एक गोष्ट हाताला लागली. बाहेरची कातडी कितीही वरखाली होवो, शरीर जपते ते आतले तापमान. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हेच मांडले होते : प्राणी दोन वातावरणांत राहतो, एक बाहेरचे आणि एक पेशींभोवतीच्या द्रवाचे, आतले. आतले स्थिर राहिले तरच त्याला बाहेर मोकळेपणाने फिरता येते.

९ मार्च

आठवडाभर माझे स्वतःचे तापमान दर तीन तासांनी घेतले. पहाटे ३६.३, दुपारी ३६.८, संध्याकाळी सहाच्या सुमारास ३७.०, रात्री पुन्हा उतार. रोज तेच. ३७ हा एकच आकडा पाठ केला होता आणि प्रत्यक्षात मी दिवसातून जेमतेम तासभर ३७ वर असते.

वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये ‘होमिओस्टॅसिस’ हा शब्द घडवला, तेव्हा त्याने मुद्दाम ‘होमिओ’ घेतले, म्हणजे ‘सारखेसे’. ‘होमो’ म्हणजे ‘तोच’, ते त्याने टाळले. आपण मराठीत समस्थिती म्हणतो तेव्हा तो ‘-से’ गळून पडतो, आणि माझ्या मते सगळी गंमत त्या ‘-से’ मध्ये आहे. भरती-ओहोटी असलेली खाडी खाडीच राहते, तसे काहीसे.

१७ मार्च

सकाळी स्वयंपाकघरात आजी मडक्यावर हात ठेवून म्हणाली, “आज मडक्याचो घाम सुकणा नाय. पाणी थंड नाय जावचा.”

मी वही घेऊन तिच्या मागेच लागले. तिला विचारले, कधी सुकतो? म्हणाली, थंडीच्या दिवसांत, मतलय, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा सुटला की. आणि घाटावर तर कायमच. सोलापूरला मावशीकडे गेली होती तेव्हा तिथल्या माठातले पाणी प्यायल्यावर दात शिवशिवले होते तिचे, तेही ऐन मे महिन्यात.

दुपारी त्याच तत्त्वावर ओला-सुका थर्मामीटर बांधला. एका थर्मामीटरच्या फुग्याला आजीच्या जुन्या लुगड्याची वात गुंडाळली, वातीचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडले, दुसरा तसाच कोरडा. दोन्ही पडवीत, सावलीत, वारा लागेल असे. तीन वाजता : सुका ३३, ओला २८. कोष्टकातून आर्द्रता साधारण ६८ टक्के.

मग गणित केले. नागपुरात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओला थर्मामीटर २३ च्या आसपास येतो. म्हणजे घामाने भिजलेल्या कातडीला नागपूरच्या सावलीत जेवढे गार होता येते, तेवढे इथल्या ३३ अंशांत होता येत नाही. मी हे तीनदा करून पाहिले. याचा अर्थ नागपूर सोपे असा मुळीच नाही. तिथे हवाच कातडीपेक्षा गरम, त्यामुळे हवेतून उष्णता अंगात शिरते आणि घामाला जास्त काम करावे लागते. पण तिथला घाम काम करतो. आमचा नुसताच वाहतो.

हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकष मैदानी भागासाठी ४० अंश आणि किनाऱ्यासाठी ३७ आहे. किनाऱ्याला वेगळे मोजतात हे मला आज कळले, आणि का तेही कळले.

२० मार्च

माझे पहाटेचे तापमान ३६.३ वरून ३६.७ वर गेले. थर्मामीटरमध्ये बिघाड?

२३ मार्च

बिघाड नाही. आजही ३६.७. मॅडमनी तारखा विचारल्या आणि त्यांनीच उलगडा केला. बीजांड सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि पाळी येईपर्यंत शरीराचे तापमान ०.३ ते ०.५ अंशाने वर राहते. घरातला सूर जरासा चढवून लावल्यासारखे. मेंदूतला हायपोथॅलॅमस तितक्याच काटेकोरपणे तापमान सांभाळतो, फक्त वरच्या पट्टीत. मी हे आकडे गाळायला निघाले होते. मॅडम म्हणाल्या, अजिबात गाळू नकोस. ठेवले.

२ एप्रिल

वाचनालयात एक जुना प्रयोग सापडला आणि आज तो अंगणात करून पाहिला.

चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचा इंग्रज डॉक्टर आणि त्याचे मित्र पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा कितीतरी जास्त तापवलेल्या कोरड्या खोलीत जाऊन बसत. त्यांची निरीक्षणे १७७५ मध्ये छापून आली. त्याच खोलीत ठेवलेला मांसाचा तुकडा शिजून कडक झाला, आत बसलेल्या माणसांचे अंग मात्र नेहमीच्याच तापमानाला राहिले. मला त्यातला छोटा भाग जास्त आवडला. त्यांनी उघड्या भांड्यात पाणी ठेवले, ते तासन्‌तास उकळेना. त्यावर थोडे तेल सोडले आणि मग ते खळखळून उकळले. तेलाने बाष्पीभवन अडवले होते.

मी दोन सारख्या स्टीलच्या वाट्या घेतल्या, दोन्हींत समान पाणी, एकीवर खोबरेल तेलाचा पातळ थर. चिऱ्याच्या गडग्यावर उन्हात ठेवल्या. दीड तासाने साध्या पाण्याचे तापमान ३८, तेलाखालच्याचे ४४. आजी म्हणाली, तेल फुकट घालवलेस. मग तेच डोक्याला लावून घेतले तिने.

आमच्या हवेतली वाफ म्हणजे ते तेल. अडवते, पुरते बंद करत नाही.

११ एप्रिल

मुख्य मोजमापाचा दिवस. आंबा आता चौदा आणे झालाय, काढणी जोरात. बाबा आणि बागेत राखणीला असलेले दोघे नेपाळी दादा, तिघेही मोजून घ्यायला तयार झाले. कोणालाही मुद्दाम जास्त वेळ उन्हात ठेवायचे नाही, नेहमीचे काम नेहमीच्या वेळेत, हे आधीच ठरवले होते.

सकाळी साडेसातला बाबा काट्यावर, कोरड्या हाफपँटवर : ६४.२० किलो. मग शर्ट, बनियन, टॉवेल वेगळे तोलले. दहा वाजता परत आल्यावर अंग पुसून त्याच कोरड्या हाफपँटवर : ६२.९४. मधल्या अडीच तासांत ६०० मिलिलिटर पाणी प्याले. मधे लघवीला गेले नाहीत. म्हणजे गेलेले पाणी १.२६ अधिक ०.६०, साधारण १.८६ लिटर. त्यातले थोडे श्वासातून, बाकी घाम.

भिजलेले कपडे तोलले : कोरडे असताना ६२० ग्रॅम, आता १ किलो ४० ग्रॅम. ४२० ग्रॅम घाम कपड्यांतच. आणि झेल्याच्या (आंबे उतरवायच्या जाळीच्या) काठीवरून, कोपरांवरून, हनुवटीवरून जो मातीत ठिबकला, त्याचे माप माझ्याकडे नाही. शिडीखाली बाबांच्या पावलांभोवती ओले ठिपके होते, एवढे पाहिले.

जिभेखाली ३७.७. काम करणाऱ्या अंगाला एवढे वाढणे स्वाभाविक आहे. नाडी उभ्याने ११४.

ओला थर्मामीटर तेव्हा २७.५, सुका ३१. झाडांखाली वारा नव्हता.

१२ एप्रिल

कालचे गणित. हे मन लावून लिहायचे आहे.

एक लिटर घाम कातडीवर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. बाबांचा १.८६ लिटर सगळा वाळला असता तर हजार किलोकॅलरींहून जास्त. काढणीसारख्या कामात अंगात तासाला २५० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता तयार होते असे धरले, तर अडीच तासांत सव्वासहाशे. म्हणजे घाम गरजेपेक्षा पुष्कळ जास्त आला. का? कारण निम्मा-अर्धा वाया जाणार हे गृहीत धरल्यासारखे शरीर तो सोडत राहते. तापमान उतरत नाही, म्हणून हायपोथॅलॅमस आणखी घाम मागतो, तो ठिबकतो, तापमान तसेच, मग आणखी. ठिबकलेला घाम उष्णता नेत नाही. पाणी आणि मीठ तेवढे नेतो.

दुसरी बाजू. ६४ किलोच्या माणसाचे तापमान एक अंशाने चढायला साधारण ५३ किलोकॅलरी पुरतात. उष्णता बाहेर पडण्याची सगळी दारे बंद झाली, तर काम करणाऱ्या माणसाचे तापमान तासाभरात चार-पाच अंशांनी चढेल. नुसते पडून राहिले तरी दीड अंश. रोज सकाळी हे गणित आपल्या अंगात सुटत असते आणि आपण आंब्याचा भाव काय यावर बोलत असतो.

ही दारे पुरती कधी बंद होतात याचा अंदाज शेरवूड आणि ह्युबर या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडला : ओला थर्मामीटर ३५ वर गेला की कातडी आणि हवा यांच्यात देवाणघेवाणीला जागाच उरत नाही. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत ती मर्यादा ३१ च्या आसपासच निघाली. तीही हलक्या हालचालींना. आमच्या पडवीत मार्चमध्ये २८ होते.

१९ एप्रिल

बाबा का पडले, हे आज मला नीट सांगता येते. रात्री जेवताना त्यांनाच सांगितले.

शरीरात जवळपास पाच लिटर रक्त. विश्रांतीत कातडीकडे त्यातला अगदी थोडा वाटा जातो, मिनिटाला अर्ध्या लिटरच्याही आत. उन्हात आतली उष्णता बाहेर आणायला कातडीतल्या वाहिन्या उघडतात, आणि कडक उष्म्यात मिनिटाला सहा-सात लिटर रक्त नुसते कातडीकडे वळू शकते. तेच रक्त स्नायूंनाही हवे, मेंदूलाही हवे. त्यात दोन लिटर घाम गेलेला, म्हणजे एकूण रक्त आटलेले. हृदय ठोके वाढवून हा सगळा हिशेब जुळवत राहते. माणूस चालता-चढता असतो तोवर पोटऱ्यांचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात. बाबा खाली उतरून क्रेटपाशी निश्चल उभे राहिले आणि तो पंप बंद पडला. रक्त पायांत आणि कातडीत साठले, मेंदूचा वाटा क्षणभर तुटला.

पडल्यावर डोके हृदयाच्या पातळीला आले आणि रक्त पोचले. पडणे हीच शरीराने केलेली दुरुस्ती होती. आम्ही उचलून खुर्चीत बसवले आणि ती दुरुस्ती मोडली. हे सांगताना मला रडू आले. बाबा म्हणाले, “तुका तरी खय ठावक होता?” आडवेच ठेवायचे, पाय उशीवर उंच, सावलीत, कपडे सैल, वारा घालायचा. आता घरात सगळ्यांना माहीत आहे.

पुस्तकात प्रत्येक समतोल वेगळ्या प्रकरणात असतो, तापमान एकीकडे, रक्तदाब दुसरीकडे, पाणी तिसरीकडे. प्रत्यक्षात ते एकाच गंगाजळीवर जगतात आणि एकमेकांशी भांडतात. तापमान राखायला शरीर पाणी खर्च करते. पाणी फारच कमी झाले की रक्तदाब वाचवायला तेच शरीर कातडीचे रक्त आखडते, घाम कमी करते, आणि मग तापमान सोडून दिल्यासारखे चढू लागते. शरीराचा हा अग्रक्रम ठरलेला आहे. बाबांची नुसती भोवळ होती. तापमान ४० च्या वर, बरळणे, चालताना झोक जाणे, असे काही दिसले तर तो उष्माघात. तेव्हा थांबायचे नाही, १०८ ला फोन, अंगावर पाणी आणि वारा लगेच सुरू, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचे नाही.

२२ एप्रिल

लघवीच्या रंगाची नोंद कशी घ्यायची यावर दोन आठवडे अडले होते. बाबांना तोंडाने सांगायला संकोच. शेवटी न्हाणीघराच्या भिंतीवर कोळशाने तीन रकाने आखले : फिका, पिवळा, गडद. ज्याने त्याने रेघ ओढायची, नाव नाही. काढणीच्या दिवशी दुपारी ‘गडद’ खाली सगळ्यात जास्त रेघा.

मूत्रपिंडे दिवसाला साधारण १८० लिटर गाळतात आणि त्यातले दीडेक लिटर बाहेर टाकतात. बाकी सगळे परत. किती परत घ्यायचे ते एडीएच हे संप्रेरक ठरवते. रक्त घट्ट झाले की ते वाढते आणि लघवी आटते, रंग चढतो. भिंतीवरचा कोळसा खरे तर मेंदूने काढलेला आदेश दाखवतोय.

२४ एप्रिल

मीठ. बाबांच्या गडद शर्टावर वाळल्यावर पांढरे नकाशे उठतात. धाकट्या नेपाळी दादांच्या शर्टावर ते मार्चमध्ये ठळक होते, आता फिके. ते फेब्रुवारीअखेर डोंगरातल्या थंडीतून आले होते. उष्म्यात रोज राबल्यावर एक-दोन आठवड्यांत शरीर बदलते. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, पण त्यात मीठ कमी असते. अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या सांगण्यावरून घामग्रंथीची नळीच सोडियम वाटेत परत खेचून घेते. म्हणून मोसमाच्या पहिल्या आठवड्यात नव्या माणसाला पूर्ण दिवस राबवू नये. बाबांनी हे ऐकून मान डोलावली. गेल्या वर्षी बाहेरून आलेला एक मुलगा तिसऱ्याच दिवशी उलट्या करून परत गेला होता. तेव्हा सगळे त्याला कामचुकार म्हणाले, मीही.

१ मे

आज पेजेबद्दल.

काढणीला निघण्याआधी आजी सगळ्यांना उकड्या तांदळाची पेज देते. गरम, पातळसर, मीठ घातलेली, सोबत लोणच्याची फोड किंवा भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. दहा वाजता परत आले की पुन्हा पेज. “पेज जेव, मगे पाणी पी.” बाटलीतली गोड पेये मी एकदा आणली तर तिने बाजूला सारली.

आतड्याच्या भिंतीत एक वाहक असतो. तो ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत घेतो, आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढले जाते. नुसते पाणी तितके पटकन शोषले जात नाही. या एका गोष्टीवर ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी, उभे आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात मिसळून पिंपांतून वाटायला सुरुवात केली. ते आया-बहिणींनीच रुग्णांना पाजायचे. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आमच्या अभ्यासक्रमात त्यांच्या नावाची एक ओळही नाही, याचे मला फार वाईट वाटते. अहवालात त्यांच्यासाठी एक पूर्ण पान ठेवले आहे.

पेजेत साखर नाही, पण तांदळाचा स्टार्च पोटात हळूहळू फुटून ग्लुकोजच देतो, आणि मीठ आजी घालतेच. पुढे ओआरएसमध्ये तांदळाचे पीठ वापरूनही प्रयोग झाले आणि ते उपयोगी ठरले. शहाळे मला वाटायचे सगळ्यात उत्तम. त्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी, आणि घामातून जाते ते मुख्यतः सोडियम. तेव्हा शहाळे प्यावे, पेजही खावी. कोकम सरबतात चिमूटभर मीठ घालायची पद्धत आहेच.

घरी करायचे तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने वाढवायचे नाही, आणि रक्तदाबाच्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

६ मे

आजीची न्हाणीघरातली रेघ कळून येते, ती खाली, हात पोचेल तिथे असते. कायम ‘गडद’. आणि ती तर घराबाहेरही पडत नाही.

“तहान नाय तर पाणी कित्याक पिऊ?”

तरुण माणसाच्या रक्ताची तीव्रता एक-दोन टक्के वाढली की हायपोथॅलॅमस तहान लावतो. वय वाढते तशी ही जाणीव बोथट होते. मूत्रपिंडाचीही पाणी राखून ठेवण्याची ताकद घटते. त्यात आजीला रक्तदाबासाठी लघवीची गोळी आहे. तहान नाही हे तिचे म्हणणे खरे आहे, आणि तेच तर धोक्याचे. मी इतके दिवस बाबांभोवती काटा आणि थर्मामीटर घेऊन फिरत होते, आणि ज्या माणसाच्या एका वाक्यावर हा प्रकल्प उभा आहे तिच्याकडेच बघितले नव्हते.

८ मे

आजीला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, उन्हाळ्यापुरता गोळीचा डोस बदलून दिला. पाण्यासाठी आम्ही युक्ती केली : दिवसाला तिचे पाच तांबे, प्रत्येक नेमाला, म्हणजे देवाच्या दिव्यापासून सांजवातीपर्यंतच्या तिच्या ठरलेल्या कामांना, एकेक बांधून टाकला. तहानेची वाट बघायची नाही.

१५ मे

सुका ३४, ओला २८.५, वारा शून्य. मोसमातला सगळ्यात वाईट दिवस. बाबांनी स्वतःहून नऊ वाजता काम थांबवले आणि दोन पेट्या कमी भरल्या. वाशीच्या गाडीला तेवढे कमी गेले. मी काही बोलले नव्हते. पडवीतून जाताना त्यांनी थर्मामीटरकडे पाहिले होते एवढेच.

एप्रिल २०२३ मध्ये खारघरला उघड्या मैदानात तासन्‌तास बसलेली माणसे उष्माघाताने गेली. खारघर कोकणपट्टीतलेच. तिथेही पारा चाळिशीला पोचला नव्हता. अहवालाच्या प्रस्तावनेत हेच घेणार आहे.

वाऱ्याबद्दल एक छोटी चाचणी. तीन ओले रुमाल, एक पंख्याखाली, एक पडवीत, एक बंद खोलीत. वीस मिनिटांत पंख्याखालच्याचे वजन सर्वांत जास्त घटले, बंद खोलीतला जवळपास तसाच. कातडीलगतची दमट हवा वारा हटवतो. आंबे निवडायची जागा बाबा आता मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) भिंतीआडून हलवून खाडीच्या बाजूला, वारा येतो तिथे करणार आहेत.

२९ मे

वळवाची सर झाली. सगळे म्हणाले, हुश्श. सुका २९, ओला २७.५. आर्द्रता ८९. १५ मेच्या मानाने पारा पाच अंशांनी उतरला आणि ओला थर्मामीटर एकानेच. पावसानंतरचा तो चिकट तास का नकोसा वाटतो ते या दोन आकड्यांत आहे.

९ जून

शेजारच्या काकूंना ताप. अंग ३९.२ आणि तरी गोधडीखाली दात वाजतायत. संसर्गाशी लढताना प्रोस्टाग्लॅंडिन हे शरीरातलेच रसायन हायपोथॅलॅमसची पट्टी वर चढवते. नव्या पट्टीच्या मानाने ३९ म्हणजे थंड, म्हणून हुडहुडी, म्हणून हातपाय गार. शरीर बिघडलेले नसते, नव्या आकड्याचा पाठलाग करत असते. पॅरासिटामॉलने पट्टी खाली आली आणि काकूंना दरदरून घाम फुटला. घाम फुटला म्हणून ताप उतरला असे आपण म्हणतो. क्रम उलटा आहे : आधी पट्टी उतरते, मग साठलेली उष्णता बाहेर टाकायला घाम येतो.

शेतात चिखलणी सुरू झालीय, पाण्यात उभे राहणाऱ्याचा ताप आमच्याकडे अंगावर काढत नाहीत. लेप्टोची भीती. काकूंना संध्याकाळीच रक्त तपासायला पाठवले.

१४ जून

अहवालाची कच्ची प्रत मॅडमना दिली. ८६ पाने. त्यांनी दोन शंका काढल्या. ठिबकलेला घाम मोजला नाही, तो पुढच्या मोसमात शिडीखाली प्लास्टिकचा कागद अंथरून मोजता येईल. आणि तीनच माणसे फार थोडी. दोन्ही बरोबर. चिऱ्याच्या खाणीवरच्या माणसांना विचारून ठेवलेय. तिथे सड्यावर झाडाची सावलीसुद्धा नसते आणि कातळ संध्याकाळपर्यंत धगधगत असतो.

काटा धुऊन परत मांगरात ठेवला. थर्मामीटर काढायला गेले तर बाबा म्हणाले, “तो ऱ्हवांदे थयच.” वात काळी पडली होती. आजीने लुगड्याचा दुसरा तुकडा काढून दिला. संध्याकाळी सहा : सुका २७, ओला २६. पाऊस चालू.